धारवाड ते नैरोबी : पिओ गामा पिंटो

निवडणूक ही गोष्ट आपल्या आता चांगलीच अंगवळणी पडली आहे. निवडणूक आली की भिंती रंगतात, कर्णे वाजू लागतात, घरोघर उमेदवार हात जोडून येतात आणि एका दिवशी बोटाला शाई लावून घेऊन आपण घरी परततो. मत द्यायचे ते कोणाला तरी निवडून आणण्यासाठी, आणि तितकेच कोणाला तरी पाडण्यासाठी, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु ज्या देशात कायद्याने किंवा व्यवहाराने एकच पक्ष शिल्लक राहिला आहे, तेथेही निवडणुका होतात. तेथेही मतपेट्या असतात, उमेदवार असतात, रांगा लागतात, मंत्रीसुद्धा पडतात. मग अशा निवडणुकीत मतदार नेमके काय निवडतो आणि काय निवडू शकत नाही?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आफ्रिकेतील अनेक नवस्वतंत्र देशांपुढे हा प्रश्न उभा राहिला. केनिया हा त्यांपैकी एक. तेथे एकपक्षीय राज्याचा अंमल सुरू होऊन चार महिनेही झाले नव्हते, तोच सत्ताधारी पक्षाच्याच एका लोकप्रतिनिधीचा नैरोबीत, स्वतःच्या घराच्या दारात, गोळ्या घालून खून झाला. स्वतंत्र केनियातील ही पहिली राजकीय हत्या. मारला गेलेला माणूस जन्माने केनियाचा, वंशाने गोवेकर आणि शिक्षणाने काही अंशी आपल्या धारवाडचा होता. त्याचे नाव पिओ गामा पिंटो. आफ्रिकेत हे नाव आदराने घेतले जाते. आपल्याकडे, जेथे त्यांची जडणघडण झाली तेथे, ते फारसे कोणाच्या कानावर नाही. म्हणून हा चरित्रलेख.

*

पिंटो यांचा जन्म ३१ मार्च १९२७ रोजी नैरोबीत झाला. नैरोबी हे शहरच मुळी आगगाडीच्या पोटी जन्मलेले. मोंबासाच्या बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात लोहमार्ग टाकला, त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले, आणि वाटेत १८९९ साली सामान ठेवण्यासाठी जो तळ पडला त्याचेच पुढे नैरोबी झाले. रूळ टाकणाऱ्यांच्या मागोमाग गुजराती दुकानदार, पंजाबी कारागीर आणि गोवेकर कारकून तेथे पोहोचले. सरकारी कचेऱ्यांतील टेबले बहुधा गोवेकरांनी भरलेली असत. पिंटो यांचे वडीलही सरकारी नोकरीतच होते.

या वसाहतीत माणसांची सरळ उतरंड होती. वरती गोरे. उंचावरची थंड हवेची सुपीक जमीन कायद्याने त्यांच्यासाठीच राखलेली. मध्ये हिंदी आणि गोवेकर, त्यांच्या हाती दुकाने आणि कारकुनी. तळाशी आफ्रिकन, ज्यांची ती भूमी होती. शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, वस्त्याही वेगळ्या. मधल्या पायरीवरच्या माणसाला वर पाहून नमस्कार करायचा आणि खाली पाहायचे नाही, अशी सवय लागलेली असे. पिंटो यांचे सारे आयुष्य ही सवय मोडण्यात गेले.

वयाच्या आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी हिंदुस्थानात पाठवण्यात आले. बारदेश तालुक्यातील हडफडे, ज्याला पोर्तुगीज वळणाने आर्पोरा म्हणतात, तेथील सेंट जोसेफ हायस्कुलातून ते मॅट्रिक झाले. पुढे त्यांनी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात विज्ञान शाखेत दोन वर्षे काढली. ते कॉलेज तेव्हा मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. मराठी, कानडी, कोकणी बोलणारी मुले एकाच वर्गात शेजारी शेजारी बसत. दिवस बेचाळीसच्या चळवळीचे होते. पोर्तुगीजांच्या गोव्यात चार माणसांनी एकत्र जमून बोलायचीही चोरी होती, आणि लोंढ्याच्या अलीकडे येताच तेच शब्द चौकाचौकांत ऐकू येत होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या मनावर या फरकाचा काय ठसा उमटला असेल हे त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून ओळखता येते.

१९४४ साली ते हवाई दलात शिकाऊ तंत्रज्ञ म्हणून काही काळ राहिले. नंतर मुंबईत टपाल व तार खात्यात नोकरी धरली. तेथे कामगारांच्या संपात ते उतरले. संघटना कशी बांधावी, वर्गणी कशी गोळा करावी, पत्रके कशी छापून घ्यावीत, याचे पहिले धडे त्यांना मुंबईने दिले. याच काळात गोवा मुक्तीच्या चळवळीशी त्यांचा संबंध आला. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावला सभाबंदी मोडली, त्यानंतर गोव्याचे वातावरण पार पालटले होते. पोर्तुगीज सरकार आपल्या विरोधकांना दूर आफ्रिकेच्या पश्चिमेस केप व्हर्दे बेटांवरील ताराफालच्या छावणीत पाठवी. पिंटो यांच्यावरही अटकेची टांगती तलवार होती. १९४९ साली ते केनियाला परतले. तेव्हा त्यांचे वय बावीस.

*

नैरोबीत आल्यावर त्यांनी कारकुनी पत्करली, पण मन तेथे रमले नाही. त्यांनी प्रथम स्वाहिली भाषा पक्की करून घेतली. हे साधे वाटते, पण त्या काळच्या हिंदी समाजात स्वाहिली ही नोकरांशी बोलण्याची भाषा समजली जाई. पिंटो ती सभांतून बोलू लागले. १९४९ सालीच मखनसिंग या शीख कामगार नेत्याने फ्रेड कुबाई यांच्यासह पूर्व आफ्रिकी ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन केली होती. १९५० साली मखनसिंगांना सरकारने स्थानबद्ध केले. ते अकरा वर्षांनी सुटले. त्यांच्या मागे कामगार चळवळ जिवंत ठेवण्यासाठी जी थोडी माणसे झटली त्यांत पिंटो होते. ईस्ट आफ्रिकन इंडियन नॅशनल काँग्रेसच्या कचेरीत बसून ते आफ्रिकन पुढाऱ्यांचे अर्ज, निवेदने, पत्रके लिहून देत. ‘डेली क्रॉनिकल’ या पत्राचेही त्यांनी काम पाहिले.

त्या काळी नैरोबीत भारताचे प्रतिनिधी म्हणून औंधचे राजपुत्र आप्पासाहेब पंत होते. औंधसारख्या छोट्या संस्थानात १९३९ साली राजाने आपली सत्ता गावपंचायतींच्या हाती दिली होती. तो प्रयोग जवळून पाहिलेला हा माणूस आफ्रिकन स्वातंत्र्याच्या बाजूने उघडपणे उभा राहिला आणि इंग्रज सरकारच्या डोळ्यांत सलू लागला. भारत सरकारचा हा पाठिंबा पिंटो यांच्यासारख्या कार्यकर्त्यांना मोठाच आधार होता.

२० ऑक्टोबर १९५२ रोजी केनियात आणीबाणी पुकारली गेली. जमीन गमावलेल्या किकुयू लोकांचा माऊ माऊ लढा पेटला होता. जोमो केन्याटा यांना पकडून कापेनगुरिया या आडगावी खटला चालवण्यात आला. त्यांच्या बचावासाठी वकील मिळवणे, कागदपत्रे जमवणे या कामी पिंटो यांनी रात्रीचा दिवस केला. केन्याटांच्या वकिलांत भारतातून आलेले दिवाण चमनलाल होते, तसेच फिट्झ डिसूझा हे तरुण गोवेकरही होते. केन्याटांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. पिंटो मात्र थांबले नाहीत. रानातल्या लढवय्यांना नैरोबीतून पैसा आणि सामान पोहोचवणाऱ्या साखळीत त्यांचा हात होता.

१९५४ च्या जानेवारीत त्यांचा एम्मा डायस यांच्याशी विवाह झाला. सासऱ्यांनी संसारासाठी दिलेला पैसा पिंटो यांनी छापखान्याच्या कामी घातला, असे एम्मा पुढे सांगत. संसार जेमतेम पाच महिने झाला. एप्रिलमध्ये इंग्रज सैन्याने सारे नैरोबी वेढून हजारो आफ्रिकनांना छावण्यांत कोंबले होते. १९ जून रोजी पिंटो यांनाही उचलण्यात आले. खटला नाही, आरोपपत्र नाही, शिक्षेची मुदत नाही. हिंदी महासागरातील मांडा बेटावर, सरकार ज्यांना कट्टर समजे अशा आफ्रिकन कैद्यांबरोबर, ते सुमारे चार वर्षे राहिले. १९५८ साली तेथून त्यांना दूरच्या काबारनेट गावी हलवले आणि गावाबाहेर जाण्यास बंदी केली. एम्मा तेथे त्यांच्यापाशी राहायला गेल्या. इतकी वर्षे त्यांनीच नोकरी करून घर चालवले होते. ऑक्टोबर १९५९ मध्ये पिंटो मुक्त झाले.

*

पिंटो मांडा बेटावर असतानाच, मार्च १९५७ मध्ये, केनियात आफ्रिकनांची पहिली निवडणूक झाली. ती कशी होती ते पाहण्यासारखे आहे. आफ्रिकनांना अवघ्या आठ जागा. मताचा हक्क सर्वांना नाही. शिक्षण, उत्पन्न, मालमत्ता, सरकारी सेवा अशा कसोट्या. ज्याच्याकडे त्या जास्त, त्याला एकाऐवजी दोन किंवा तीन मते. आणि लढा ज्या टापूत पेटला होता तेथील किकुयू, एम्बू व मेरू लोकांना मत द्यायचे तर आधी सरकारनिष्ठेचा दाखला आणावा लागे. म्हणजे मतदार कोण हे सरकार ठरवणार, आणि मग त्या मतदाराने सरकारविषयी आपले मत सांगायचे!

तरीही त्या आठांनी सरकारला नमते घ्यायला लावले. राजकीय संघटनांवरची बंदी ढिली झाली आणि १९६० साली दोन पक्ष उभे राहिले. ओगिंगा ओडिंगा, टॉम म्बोया, जेम्स गिचुरू यांचा ‘कानू’, म्हणजे केनिया आफ्रिकन नॅशनल युनियन. आणि रोनाल्ड न्गाला, डॅनिएल अराप मोई यांचा ‘कादू’, म्हणजे केनिया आफ्रिकन डेमोक्रॅटिक युनियन. पहिल्यामागे मुख्यतः किकुयू व लुओ या मोठ्या जमाती, दुसऱ्यामागे मोठ्यांच्या सत्तेला भिणाऱ्या लहान जमाती. पिंटो यांनी कानूचे काम अंगावर घेतले. पक्षाचे पत्रक काढले. पुढे नेहरूंच्या साहाय्याने पॅन आफ्रिकन प्रेस ही संस्था उभी करून तिच्यातर्फे स्वाहिली व इंग्रजी पत्रे चालवली. स्थानबद्धांच्या कुटुंबांसाठी पैसा जमवला. स्वतः मात्र सभामंचावर मागेच राहिले.

१९६१ च्या फेब्रुवारीतील निवडणुकीत कानूला जास्त मते आणि जास्त जागा मिळाल्या, पण केन्याटा सुटेपर्यंत सरकार बनवणार नाही असे कानूने ठरवले. ऑगस्टमध्ये केन्याटा सुटले. मे १९६३ च्या निवडणुकीत कानूला स्पष्ट बहुमत मिळाले आणि १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. सार्वत्रिक मताधिकाराने, दोन पक्षांच्या उघड झुंजीत, देशाने आपले सरकार निवडले होते. अशी निवडणूक पुन्हा पाहायला मतदाराला जवळजवळ तीस वर्षे थांबावे लागेल हे तेव्हा कोणाच्या स्वप्नीही नसावे.

*

पिंटो स्वतः लोकप्रतिनिधी कसे झाले हेही समजून घेतले पाहिजे. १९६३ साली ते तिन्ही पूर्व आफ्रिकी देशांच्या सामाईक विधिमंडळाचे सदस्य झाले. जुलै १९६४ मध्ये ते केनियाच्या प्रतिनिधिगृहात गेले. तेथे मतदारसंघांतून आलेल्या सदस्यांखेरीज बारा जागा अशा होत्या की त्यांवरील सदस्य गृहाचे सदस्यच मतदान करून निवडत. गोवेकरांचा समाज इवलासा, त्याचा असा मतदारसंघ कोठेच नव्हता. आफ्रिकन सदस्यांनी आपल्या मतांनी पिंटो यांना निवडून घेतले. पुढे, १९६८ साली, घटना बदलून या जागा अध्यक्षांच्या नेमणुकीने भरण्याची पद्धत सुरू झाली. सदस्यांच्या मतावर येणारा माणूस सदस्यांना जबाबदार असतो. अध्यक्षांच्या मर्जीने येणारा कोणाला जबाबदार असतो, हे सांगायला नको.

येथे आमच्या इंदूरचे एक उदाहरण आठवते. पोलोग्राउंडसारख्या कारखान्यांच्या भागात राहणाऱ्यांना होमी दाजींचे नाव नवीन नाही. पारशी समाजातले, म्हणजे शहरात मूठभर लोकांपैकी एक. पण गिरणी कामगारांच्या लढ्यात ते इतके मिसळून गेले होते की १९६२ साली सत्ताधारी काँग्रेसविरुद्ध अपक्ष उभे राहून ते इंदुरातून लोकसभेवर गेले. दाजी आणि पिंटो जवळपास एकाच वयाचे, एकाच डाव्या विचारांचे, दोघेही लहान समाजांतून आलेले आणि दोघेही श्रमिकांनी आपले मानलेले. फरक एवढाच की दाजींना सरकारी पक्षाच्या बाहेर उभे राहून लोकांपुढे जाण्याची वाट मोकळी होती. ते १९६७ साली हरले, १९७२ साली पुन्हा विधानसभेत आले. पिंटो यांच्या देशात ती वाट १९६४ साली बुजली.

१० नोव्हेंबर १९६४ रोजी कादू पक्ष विसर्जित झाला आणि त्याचे सदस्य सत्ताधारी बाकांवर येऊन बसले. कादूच्या पुढाऱ्यांपैकी मोई लवकरच गृहमंत्री झाले. एकजुटीसाठी, जमातीजमातींतील वैर मिटवण्यासाठी, विकासाची गाडी वेगाने हाकण्यासाठी एकच पक्ष बरा, असा युक्तिवाद तेव्हा आफ्रिकाभर मांडला जाई आणि त्यात अगदीच तथ्य नव्हते असेही नाही. वसाहतवाद्यांनी मागे ठेवलेले देश ठिसूळ होते. परंतु विरोधी पक्ष मिटला म्हणून विरोध मिटत नाही. तो पक्षाच्या पोटात शिरतो, आणि मग तेथे त्याला जागा द्यायची की नाही, हा प्रश्न येतो.

केनियात तो विरोध जमिनीवरून होता. गोऱ्यांचे मळे ब्रिटन आणि जागतिक बँकेकडून कर्ज काढून विकत घ्यावेत आणि आफ्रिकनांना हप्त्यांनी द्यावेत, अशी सरकारची योजना होती. आपल्याच हिरावलेल्या जमिनीची किंमत भूमिहीनाने का मोजावी, असा बिल्डाड काग्गिया, ओडिंगा आणि पिंटो यांचा सवाल होता. माऊ माऊच्या रानात ज्यांनी हाल सोसले ते अजूनही भूमिहीन, आणि पुढारी मात्र मळ्यांचे मालक होऊ लागलेले. काग्गियांना जून १९६४ मध्ये सरकारी पद गमवावे लागले. पिंटो यांनी दोन कामे हाती घेतली. एक, मागच्या बाकांवरील सदस्यांना एकत्र बांधणे. दुसरे, पक्षाच्या कार्यकर्त्यांना शिक्षण देणारी लुमुंबा इन्स्टिट्यूट उभी करण्यात ओडिंगांना साथ देणे. १२ डिसेंबर १९६४ रोजी तिचे उद्घाटन खुद्द केन्याटांच्या हस्ते झाले.

या दुसऱ्या कामाचे महत्त्व वरवर पाहणाऱ्याला कळत नाही. जेथे पक्ष एकच, तेथे खरी निवडणूक मतदारसंघात होत नाही, ती पक्षाच्या शाखेत होते. उमेदवार कोण, हे शाखा ठरवणार. म्हणून शाखेतल्या माणसाला जो शिकवतो, त्याच्या हाती उद्याची सत्ता. पिंटो हे ओळखून होते, आणि त्यांना न मानणारेही तितकेच ओळखून होते. शिवाय सरकार आपल्या आर्थिक धोरणाची जी पुस्तिका सभागृहापुढे आणणार होते, तिला पर्यायी मसुदा तयार करण्याची पिंटो यांची खटपट चालू होती. त्यावरून केन्याटा आणि त्यांच्यात संसदेच्या आवारात कडाक्याचे भांडण झाले, असे त्यांच्या जवळच्यांनी पुढे सांगितले. मित्रांनी त्यांना जपायला सांगितले होते.

२४ फेब्रुवारी १९६५ च्या सकाळी वेस्टलँड्स भागातील घराबाहेर मोटारीत बसून ते फाटक उघडण्याची वाट पाहत होते. मागच्या आसनावर दीड वर्षाची धाकटी मुलगी तेरेश्का होती. मारेकऱ्यांनी जवळ येऊन गोळ्या झाडल्या. अडतिसावे वर्ष पुरे व्हायला एक महिना उरला होता. मुलगी बचावली. मागे एम्मा आणि तीन मुली राहिल्या. १९६७ साली त्या कॅनडाला गेल्या.

किसिलू मुटुआ या तरुणाला दोषी ठरवून फाशीची आणि नंतर जन्मठेपेची शिक्षा झाली. आपण निरपराध आहोत असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला. २००१ साली, पस्तीस वर्षांहून अधिक काळानंतर, त्याची सुटका झाली. हत्येमागचा हात कोणाचा हे न्यायालयापुढे कधीच उलगडले नाही. केनियाच्या सत्य, न्याय व समेट आयोगाने २०१३ च्या अहवालात या हत्येचे मूळ वैचारिक मतभेदांत असल्याचा निष्कर्ष काढला.

*

पिंटो गेले आणि त्यांची माणसे एकेक करून पक्षाबाहेर ढकलली गेली. लुमुंबा इन्स्टिट्यूट वर्षाच्या आत बंद झाली. मार्च १९६६ च्या लिमुरू अधिवेशनात ओडिंगांचे पक्षातील उपाध्यक्षपद काढून त्याच्या जागी आठ उपाध्यक्षपदे निर्माण करण्यात आली. ओडिंगा सरकारातूनही बाहेर पडले आणि त्यांनी केनिया पीपल्स युनियन हा नवा पक्ष काढला. तोच घाईघाईने घटना बदलण्यात आली आणि पक्ष सोडणाऱ्या प्रत्येक सदस्याला पुन्हा मतदारांपुढे जाणे भाग पडले. जून १९६६ मध्ये एकोणतीस जागांसाठी ही छोटी सार्वत्रिक निवडणूक झाली. नव्या पक्षाला नऊ जागा मिळाल्या. पिंटो यांचे जिवलग मित्र जोसेफ मुरुंबी त्याच वर्षी उपराष्ट्राध्यक्ष झाले. वडील गोवेकर, आई मासाई, शिक्षण बेंगळूर आणि बळ्ळारीला. वर्ष संपण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला आणि राजकारणातून अंग काढून घेतले. मित्राची हत्या त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

जुलै १९६९ मध्ये टॉम म्बोया यांचा खून झाला. ३० ऑक्टोबर रोजी ओडिंगांच्या पक्षावर बंदी आली. डिसेंबरात निवडणूक झाली. १५८ जागांसाठी सहाशेंवर उमेदवार, सारे कानूचेच! पक्षांतर्गत निवड म्हणून जे मतदान झाले तेच सार्वत्रिक मतदान ठरले. त्यात पाच मंत्र्यांसह सत्त्याहत्तर विद्यमान सदस्य पडले. १९७४ साली परराष्ट्रमंत्री न्जोरोगे मुंगाई हरले. ते केन्याटांचे आप्त आणि वैद्य. म्हणजे मतदार मुळीच दुबळा नव्हता. रस्ता आणला नाही, पाणी आणले नाही, मतदारसंघात फिरकला नाही, तर त्या सदस्याला तो घरी बसवी. शेजारच्या टांझानियात १९६५ सालीच प्रत्येक जागेसाठी एकाच पक्षाचे दोन उमेदवार उभे करण्याची पद्धत आली होती. एकाला कुदळीचे चिन्ह, दुसऱ्याला घराचे. तेथेही अर्थमंत्री पॉल बोमानी पडले.

पण या साऱ्या निवडणुकांत एक गोष्ट मतपत्रिकेवर कधीच नव्हती. जमीन कोणाला, कोणत्या अटींवर, हा प्रश्न. मतदार माणूस बदलू शके, धोरण बदलू शकत नव्हता. केन्याटांपुढे अध्यक्षपदासाठी कोणी उभाच नसे. ओडिंगांना १९७४ आणि १९७९ या दोन्ही निवडणुकांत उभे राहू दिले गेले नाही. जे. एम. कारिउकी यांनी सभागृहात श्रीमंत पुढाऱ्यांविरुद्ध आवाज उठवला, मार्च १९७५ मध्ये त्यांचाही खून झाला. १९७८ साली केन्याटा वारले आणि मोई अध्यक्ष झाले. १९८२ साली एकपक्षीय राज्य घटनेतच लिहिले गेले. १९८८ साली तर पक्षाची उमेदवारी ठरवताना गुप्त मतदानच उरले नाही. मतदारांनी उघड्यावर आपल्या उमेदवाराच्या मागे रांगेत उभे राहायचे, आणि सत्तर टक्के ज्याच्या मागे, तो बिनविरोध निवडून आला असे समजायचे. तोकडी रांग जिंकल्याचे आणि लांब रांग हरल्याचे दाखले ठिकठिकाणांहून आले.

यातून देश बाहेर आला तो डिसेंबर १९९१ मध्ये घटनेतील ते कलम रद्द झाल्यावर. २९ डिसेंबर १९९२ रोजी पुन्हा अनेक पक्षांची निवडणूक झाली. २००८ साली केनियाने आपल्या राष्ट्रवीरांची टपाल तिकिटे काढली, त्यांत पिंटो यांचे तिकीट होते. मुंबईच्या टपाल खात्यातील संपात उतरलेल्या तरुणाचे चित्र तिकिटावर आले ते असे, मृत्यूनंतर त्रेचाळीस वर्षांनी.

*

पिंटो यांच्या चरित्रातून आपण काय घ्यावे? त्यांच्या त्यागाचे कौतुक तर करावेच. पण ते एवढ्यासाठीच आठवले तर त्यांना न्याय होणार नाही. ते पक्षाचे शत्रू नव्हते. पक्ष उभारणाऱ्यांपैकी होते, त्याची पत्रके लिहिणारे होते, त्याच्या विजयासाठी राबलेले होते. त्यांनी पक्षाकडे मागितले ते एवढेच की स्वातंत्र्याच्या लढ्यात दिलेला शब्द पाळावा. दुसरा पक्ष असता तर त्यांचे म्हणणे उघड मैदानात लोकांपुढे गेले असते. लोकांनी ते मान्य केले असते किंवा नाकारले असते. दोन्हींत कोणाचा जीव जाण्याचे कारण नव्हते.

आपल्या देशातही स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षे एकच पक्ष बलाढ्य होता. तरीही १९५७ साली केरळात कम्युनिस्टांचे सरकार आले. त्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात सत्ताधाऱ्यांना धूळ चारली आणि तीन वर्षांत महाराष्ट्र राज्य झाले. १९७७ साली आणीबाणी लादणारे सरकार मतदारांनी खाली खेचले. हे घडू शकले, कारण सरकारी पक्षाच्या बाहेर उभे राहण्याची जागा शाबूत होती. ती जागा कायद्याने मिळते, पण राखावी लागते ती आपल्यालाच. महाविद्यालयाच्या निवडणुकीत प्रतिस्पर्ध्याचा अर्ज मागे घ्यायला लावणारा विद्यार्थी, सहकारी संस्थेत सगळ्या जागा बिनविरोध करून पाठ थोपटून घेणारा पुढारी, हे दोघेही नकळत तीच जागा आक्रसत असतात. बिनविरोध या शब्दाचा आपल्याला फार अभिमान वाटतो. त्या शब्दामागे कधी खरी एकी असते, तर कधी कोणाचा तरी आवाज बंद केलेला असतो. कोणते काय आहे ते डोळसपणे ओळखायला शिकावे.

कर्नाटक कॉलेजात आजही दूरदूरची मुले शिकायला येतात. ऐंशी वर्षांपूर्वी तेथून गेलेल्या एका मुलाने परक्या मानल्या जाणाऱ्या लोकांना आपले मानले, त्यांच्यासाठी तुरुंग सोसला आणि शेवटी स्वकीयांच्याच राज्यात प्राण दिला. त्याच्या नावाची ओळख आपल्या मराठी आणि कानडी दोन्ही भाषांतील विद्यार्थ्यांना व्हावी, एवढीच इच्छा.

— एक माजी विद्यार्थी,
पोलोग्राउंड, इंदूर